बूट शिवायच्या दोऱ्याचं जानवं

आमच्या पलटणीत सगळ्यांत मोठ्या आवाजाचा माणूस म्हणजे सुभेदार शिवगुलाम तिवारी, आणि सगळ्यांत लांब उभा राहणारा माणूस म्हणजे मी. मी घुरहू, पलटणीचा मोची. बूट, पट्टे, काडतुसांच्या पेट्या, सगळं माझ्या हातचं. माझ्या हातचा पट्टा कमरेला आवळून हे ब्राह्मण-ठाकूर परेडीत छाती काढून चालायचे. स्वयंपाकाची वेळ झाली की तोच पट्टा झाडाला टांगायचे, उघडे होऊन आपापल्या सारवलेल्या चौकोनात आपापली चूल पेटवायचे आणि मला लांबूनच ओरडायचे, "घुरहू, सावली सांभाळ रे!"

मी सावली सांभाळायचो. पोटासाठी माणूस काय काय सांभाळतो.

पण त्या जेठ महिन्यात सुभेदारांनी भर परेडीत चरबीचं काडतूस हातात घेतलं, सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि जमिनीवर ठेवून दिलं. "साहेब, हे माझ्या दाताला लागणार नाही," म्हणाले. एवढंच. पण त्या आवाजाचा काय तो दरारा! मैदानावर जो गलका उठला, तो मी मेलो तरी विसरायचो नाही. दुपारपर्यंत तुरुंग फुटला, झेंडा उतरला, साहेबलोक मिळेल त्या घोड्यावर पळाले. मी बाजारात चामडं कापायची रापी उंच धरून नाचत होतो. काडतूस माझ्या दाताला कधी लागणार नव्हतं, माझा धर्म कुणी विचारलाही नव्हता, तरी नाचत होतो. शंभर वर्षांचं ओझं कुणीतरी खाली टाकलं होतं, आणि त्यात माझ्याही डोक्यावरचं होतं.

आमच्या कर्नलला सगळे पंडितसाहेब म्हणायचे. तीस वर्षं पलटणीत काढलेली. आमची बोली आमच्यासारखीच बोलायचा, आमचे सण, सोवळं-ओवळं, कुणाची चूल कुणाला चालते, सगळं त्याला तोंडपाठ. सुभेदारांनी त्याला स्वतः घोड्यावर बसवून दिलं होतं. "तुमचं मीठ खाल्लंय साहेब, जा. पुन्हा समोर येऊ नका."

आणि चौथ्या दिवशी तो समोर आला.

पलटण लखनौच्या वाटेला लागून पुढं गेली होती. मागं घाघरेच्या काठावर, नाल्याआडच्या आंबराईत सुभेदार, चाळीसेक शिपाई, आणि छावणीचा सारा गोतावळा उरला होता: बायकापोरं, म्हातारे, जखमी, धोबी, भिश्ती, हलवाई, न्हावी. नावाडी पळालेले. नदीपलीकडं गेलं की सुटलो, पण हाताशी दोनच होड्या. त्या भरायच्या, पलीकडं रिकाम्या करायच्या, परत आणायच्या. सगळ्यांना उतरायला संध्याकाळ होणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. माझी बायको बतसिया पाच दिवसांच्या पोराला पदराखाली घेऊन वाळूत बसली होती, आणि तिची पाळी फार मागं होती. बाळंतीण असली तरी मोच्याची बाळंतीण ना.

सकाळीच एक गुराखी धापा टाकत आला. "गोरे येतायत! बनारसच्या रस्त्यानं! पंडितसाहेब पुढं आहे!"

"तोफा?" सुभेदारांनी विचारलं.

"तोफा मागं आहेत, महाराज. वाळूत चाकं रुतलीत. उद्यापर्यंत काय पोचत नाहीत."

"आणि गोरे किती?"

"लई!"

हवालदार जालिम सिंग हा ठाकूर गडी, मिशा कानापर्यंत. तो म्हणाला, "सुभेदारसाब, आपण चाळीस. नाल्यावर उभं राहून मरू. तासभर तरी अडवू."

"तासभरानं काय होतंय?" सुभेदार नदीकडं बघत म्हणाले. "त्याच्या मनात हे बसलं पाहिजे की अख्खी पलटण इथंच आहे. मग तो तोफांशिवाय नाला ओलांडायचा नाही. मी ओळखतो त्याला."

मग ते एकदम थांबले. मी बऱ्याच अंतरावरून बघत होतो, तरी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी पेटल्यासारखं दिसलं.

"जालिम, मोहिमेवर असताना पंडितसाहेब संध्याकाळी टेकाडावर चढून काय करायचा?"

"दुर्बीण लावून चुली बघायचा. म्हणायचा, हजेरीत तुम्ही लबाडी करता, चुलीत करत नाही. एक चूल, एक शिपाई."

"मग पेटवा चुली!" सुभेदार असे गरजले की आंब्यावरचे पोपट उडाले. "सगळी आंबराई पेटवा! बायकांनो, पाणी आणा, चौक सारवा! ओला कडुनिंब घाला, धूर झाला पाहिजे!"

काय धांदल उडाली म्हणून सांगू! बायका वाळूतून धावत आल्या. पोरं गोवऱ्या, काटक्या, विटांचे तुकडे गोळा करत सुटली. कुणी कुणाला विचारत नव्हतं, कोण कुणाच्या चुलीला हात लावतंय. भीती होतीच, पण मजाही वाटत होती. एवढ्या मोठ्या साहेबाला फसवायचं होतं ना!

आंबराई धुरानं भरली आणि तेव्हा जालिम सिंगनं डोक्याला हात लावला. "चुली झाल्या शंभरावर. पण चुलीपाशी बसणार कोण? दुर्बिणीतून त्याला माणूस दिसणार. लुगडं नेसलेला शिपाई बसवायचा का?"

"बाजारातले पुरुष बसतील," सुभेदार म्हणाले. "उघडे, धोतर नेसून."

"आणि जानवं? चुलीपुढं उघड्या अंगानं बसलेला ब्राह्मण, आणि गळ्यात जानवं नाही? पंडितसाहेबच तो. त्याला अंघोळ न केलेला ब्राह्मणसुद्धा ओळखता येतो."

धोबी, न्हावी, हलवाई एकमेकांकडं बघायला लागले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोरा माझ्याकडं आहे, महाराज."

सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं. अख्ख्या नोकरीत त्यांनी माझ्याकडं असं सरळ पाहिलं नव्हतं.

"कसला दोरा?"

"बूट शिवायचा. अजून मेण लावलेलं नाही. पांढरा शुभ्र आहे."

जालिम सिंगच्या मिशा थरथरल्या. "बूट शिवायच्या दोऱ्याचं जानवं? मोच्याच्या गळ्यात? ज्या धर्मासाठी काडतूस टाकलं, तो धर्म आता याच्या दोऱ्याच्या गुंड्यातून काढायचा?"

मला राग आला. खरंच सांगतो, नाकपुड्या फुलल्या. म्हणालो, "हवालदारसाब, तुम्ही काडतूस टाकलं ते दाताला लागू नये म्हणून. माझं पोर त्या वाळूत पडलंय. गोरा आला तर ते संगिनीला लागेल. तुमचा धर्म मोठा असेल, मला पोर मोठं आहे."

सुभेदारांची मान खाली गेली होती. त्यांची स्वतःची दोन मुलं पटकीनं एका आठवड्यात गेलेली, हे साऱ्या पलटणीला ठाऊक होतं. त्यांनी मान वर केली तेव्हा आवाज लहान झाला होता.

"काढ दोरा," म्हणाले. "पाप लागलं तर मला लागू दे."

मी धावत दोऱ्याचे गुंडे आणायला गेलो, तर बतसिया तिथंच बसलेली. सगळं ऐकलं होतं बयेनं.

"बामण होताय म्हणे?" ती हसून म्हणाली. चेहरा पिवळा पडलेला, तरी हसू तेच. "आजवर दुसऱ्यांचे जोडे शिवलेत. आता जात पण शिवा."

"गप बस. होडीकडं सरक."

"सरकते की. पण सांभाळा, पंडितजी. परत आल्यावर आमच्या हातचं पाणी चालेल ना?"

मी दोरे कापत सुटलो. दातानं तोडायचो, तिपेडी करायचो, गाठ मारायचो, फेकायचो. धोब्यानं घातलं, न्हाव्यानं घातलं. भिश्ती अलीबख्श चाचा पुढं आले. पांढरी दाढी छातीपर्यंत.

"मला पण दे. आज अल्ला माफ करील."

"दाढीचं काय करणार, चाचा?"

"साहेबाकडं पाठ करून बसतो. आणि घुरहू, हे डाव्या खांद्यावरून घालतात बरं का. सुभेदार अंघोळ करायचे तेव्हा मी विहिरीवर पखाल भरत असायचो."

"तुम्हाला काय कळतंय जानव्यातलं, चाचा?" मी तोऱ्यात म्हणालो. "मी हिंदू आहे. बारा वर्षं रोज सुभेदारांना समोरून बघतोय. उजव्या खांद्यावरून. असं!"

आणि सगळ्यांनी माझं बघून तसंच घातलं. मी पुढारी झालो होतो ना!

आम्ही चुलींपुढं बसलो आणि नाल्यापलीकडच्या उंच काठावर लाल डगले दिसले. रांगच्या रांग. उन्हात संगिनी लखलखत होत्या. रांगेपुढं पांढऱ्या घोड्यावर एक जाडा माणूस थांबला होता. त्यानं डोळ्याला काहीतरी लावलं आणि ते चमकलं.

"कुणी मान वळवायची नाही!" सुभेदार चुलीचुलींतून फिरत हळू आवाजात सांगत होते. "पीठ मळा. फुंकर घाला. नेहमीसारखं..."

ते माझ्यापाशी येऊन थबकले. माझ्याकडं बघितलं, पलीकडच्या धोब्याकडं बघितलं, त्याच्या पलीकडच्या न्हाव्याकडं. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"घुरहू," ते दातांतून म्हणाले, "हे कुणी सांगितलं तुला?"

"काय, महाराज?"

"उजवा खांदा! गाढवा, उजव्या खांद्यावर जानवं मेलेल्यांसाठी घेतात! श्राद्धाला! तू शंभर माणसांना अपसव्य करून बसवलंयस!"

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. मी त्यांना नेहमी समोरून पाहिलं होतं, लांबून. समोरच्याचा डावा खांदा माझ्या उजव्या हाताला यायचा. जवळ जाऊन, बाजूला उभं राहून बघायची सोय मला कधी होती? मागं चाचा पुटपुटले, "मी सांगत होतो."

"बदलू का, महाराज?"

"हात लावू नको! तो बघतोय! शंभर माणसं एकदम जानवं फिरवायला लागली तर लहान पोरालाही कळेल."

होड्या नदीच्या मध्यावर होत्या. बतसिया अजून अलीकडच्याच काठावर. पलीकडं ते चमकणारं भिंग हलायला तयार नव्हतं. माझ्या मूर्खपणानं सगळी मरणार, माझं पाच दिवसांचं पोर मरणार, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

सुभेदारांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मग डोळे उघडले आणि ते चक्क हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. दात फार सुंदर होते त्यांचे.

"जालिम!" ते ओरडले. "सगळ्या शिपायांना सांग, जानवं उजव्या खांद्यावर घ्या! एकेक जण, सावकाश. दक्षिणेला तोंड करा. पिठाचे पिंड करा. पाणी सोडा."

"कुणासाठी, सुभेदारसाब?"

"आपल्यासाठी."

जालिम सिंग हबकला. "जित्यापणी?"

"जित्यापणी. त्या माणसाला याचा अर्थ कळतो."

आणि दक्षिणेलाच तर साहेब होता. सगळी आंबराई साहेबाकडं तोंड करून बसली. चाचांचीच तेवढी पंचाईत झाली.

"माझी दाढी, सुभेदारसाब!"

"मान गुडघ्यात घाला, चाचा."

"रडतोय असं दिसेल."

"दिसू द्या. श्राद्धच आहे."

त्याही वेळी मला हसू आलं, आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. चाचा मात्र मान खाली घालून खरोखरच रडत होते, ते मला नंतर कळलं.

सुभेदार आंबराईच्या अगदी टोकाला गेले. जानवं डाव्या खांद्यावरून काढून उजव्यावर घेतलं. हातात तांब्या. आणि त्यांनी स्वतःला पाणी दिलं. आवाज नाल्यापलीकडं पोचावा इतका मोठा. गोत्र शांडिल्य. आजा रामफल, बाप देवीदीन, आणि मग स्वतःचं नाव, शिवगुलाम. ओंजळीतून पाणी खाली पडत होतं. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

बऱ्याच वेळानं पांढरा घोडा काठावरून उतरून नाल्याच्या तोंडाशी आला. एकटाच. साहेबानं टोपी काढली. आमच्याच बोलीत हाक मारली.

"तिवारी! कुणाचं श्राद्ध घातलंस?"

"आमचं आमचंच, साहेब!"

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं! मागं करणारं कुणी उरेल याचा भरवसा नाही. म्हणून कुणावर काही ठेवलं नाही. आता या, केव्हाही या! मेलेल्या माणसांशी लढायचं असेल तर या!"

एवढ्या लांबूनही दिसत होतं, साहेबाचे खांदे उतरले होते. ज्यांनी आपलं श्राद्ध आपल्या हातानं घातलं, ते मागं हटत नाहीत, हे त्याला आमच्याच पलटणीत बसून कळलेलं होतं. कुणा नवख्या साहेबाला उजवा काय नि डावा काय, तो सरळ चालून आला असता. हा पंडित होता, म्हणून फसला.

"तू मला घोड्यावर बसवलं नसतंस तर बरं झालं असतं रे," तो म्हणाला.

"मलाही तेच वाटतंय, साहेब!"

घोडा वळला. थोड्या वेळानं पलीकडच्या काठावर तंबू उभे राहायला लागले. तोफांची वाट बघायची ठरली होती! आंबराईत कुणी ओरडलं नाही, ओरडायची सोयच नव्हती. पण धोब्यानं माझ्या मांडीवर अशी थाप मारली की दोन दिवस वळ होता. न्हावी पिंडाच्या पिठाला मिठी मारून हसत होता. मला वाटत होतं उठावं आणि पुन्हा रापी घेऊन नाचावं. सारा दिवस आम्ही चुली फुंकत राहिलो, आणि आमच्या पाठीमागं धुराआड होड्या जात होत्या, येत होत्या. दुपार कलल्यावर जालिम सिंग माझ्या चुलीजवळून गेला आणि न बघता म्हणाला, "तुझी बायको चढली होडीत. पोर तिच्याकडं मीच दिलं." मी मान हलवली. पोर त्यानं स्वतःच्या हातांनी उचललं होतं.

सूर्य झाडांच्या मागं गेला तेव्हा आंबराईत शेवटच्या होड्यांपुरतेच लोक उरले होते. सुभेदारांनी सात शिपाई निवडले.

"बाकी सगळे जा. आम्ही चुली तेवत ठेवतो. अंधार पडताना आंबराई एकदम विझली तर तो लगेच येईल, आणि काठावरून होड्या बंदुकीच्या टप्प्यात आहेत."

"मीही राहतो," मी म्हणालो. "चुली फुंकायला बंदूक लागत नाही."

"तू जा. पोर पलीकडं आहे तुझं."

"चूक माझी होती, महाराज."

"चूक?" ते पुन्हा हसले. "तुझ्या चुकीनं सगळा गोतावळा वाचला. इकडं ये."

मी सवयीनं थांबलो, सावलीचा अंदाज घेऊन. ते स्वतःच पुढं आले. माझ्या उजव्या खांद्यावरचा तो बुटाचा दोरा दोन बोटांत धरला, डोक्यावरून काढला आणि डाव्या खांद्यावर नीट बसवला. त्यांचा हात माझ्या मानेला लागला. खरखरीत, गरम हात.

"जित्या माणसानं असं घालायचं," म्हणाले. "आता चुकू नको."

"आणि तुमचं, महाराज?"

त्यांनी स्वतःच्या उजव्या खांद्याकडं पाहिलं. चुलीत गोवरी सारली आणि मला हातानं जा म्हणाले.

होडीतून मी मागं बघत होतो. काठ काळा पडत गेला, पण आंबराईत चुली लाल होत्या, शंभरावर, आणि त्यांच्यामधून आठ माणसं पळापळ करत फुंकर घालत होती. पलीकडं बतसिया पोर घेऊन पाण्यात गुडघाभर उतरून उभी होती. माझ्या गळ्याकडं बघून थट्टा करायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पहाटे तोफांचा आवाज आला. फार वेळ आला. शेवटची चूल आम्हाला त्या काठावर उजाडेपर्यंत दिसत होती.

आता मी नेपाळच्या तराईत राहतो, जोडे शिवतो. जानवं रोज घालत नाही, माझं नाही ते. पण ते जुन्या गुंड्याबरोबर जपून ठेवलंय. दरवर्षी पितृपंधरवड्यात ते काढतो आणि नदीवर जातो. घाटावरचा पंडा दरवर्षी ओरडतो, मोच्याच्या हातचं पाणी ब्राह्मणाला पोचत नाही म्हणून. ओरडू दे. माझं पोरगं आता बाप्या झालंय, ते शेजारी तांब्या धरून उभं असतं. मी दक्षिणेला तोंड करतो, मोठ्यानं गोत्र म्हणतो, शांडिल्य, आजा रामफल, बाप देवीदीन, आणि त्यांचं नाव घेतो. आणि दोरा उजव्या खांद्यावर घेतो. आता माझा खांदा चुकत नाही.